पोचवायला आलेली माणसं

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. शाळेतून आल्यावर मी थोडं थोडं लिहिते. कधी चार ओळी होतात, कधी एकही होत नाही. लिहायला बसलं की सगळ्यात आधी रूळ दिसतात. वीर स्टेशनाच्या दक्षिणेला रूळ जिथं वळतात, तिथं दुपारच्या उन्हात ते पाण्यासारखे हलायचे. त्या हलत्या पाण्यावर माझे वडील बसलेले दिसतात, बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. खरं तर बाक छपराच्या सावलीत होता आणि वळण तिथून बरंच लांब. पण आठवणीत ते तिथं बसलेत, तर मी त्यांना उठवत नाही.

एक गाडी होती. ती बंद झाली, आणि ती परत सुरू व्हावी म्हणून महाडची काही माणसं बरीच वर्षं झटली. त्यांच्या दृष्टीनं ती तालुक्याची सकाळची पॅसेंजर होती. आमच्या घरात तिचा अर्थ फार साधा होता. ती असली तर मी महाडला बाबांजवळ राहून रोह्याच्या शाळेत नोकरी करू शकत होते. नसली तर मला रोह्यात खोली घ्यावी लागणार होती आणि बाबा एकटे पडणार होते. आई आधीच गेली होती. मला भावंडं नव्हती.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लोहमार्ग रोह्याकडून महाडजवळच्या वीरपर्यंत आला आणि काही काळ तिथंच थांबला. पुढचे बोगदे, पूल अजून व्हायचे होते. त्यामुळे वीर हे शेवटचं स्टेशन झालं. एखाद्या वाटेचं शेवटचं टोक आपल्या दाराशी यावं यात एक गंमत असते. महाडचे लोक उगीचच सहा आसनी मिनीडोर रिक्षातून वीरला जायचे, रूळ जिथं संपतात तिथं उभं राहायचे आणि पुढच्या मोकळ्या शेताकडं बघून परत यायचे.

त्याच सुमारास मला रोह्याच्या हायस्कुलात ग्रंथपालाची जागा मिळाली. सकाळी वीरहून एक छोटी पॅसेंजर सुटायची आणि संध्याकाळी तीच परत यायची. अंधार पातळ होत असताना मी स्टेशनात पोचायचे. शेतांवर धुकं असायचं आणि त्यात डब्यांचे दिवे लागलेले. गाडी धुक्यात उभी आहे की धुकंच गाडीसारखं उभं आहे, हे जवळ जाईपर्यंत कळायचं नाही. डब्यात मोजकी माणसं असायची. कुणी उपरण्यात तोंड झाकून झोपलेला, कुणी माणगावच्या बाजारासाठी भाजीची टोपली घेऊन बसलेली. मी पुस्तक उघडायचे. गोरेगाव, माणगाव, इंदापूर, कोलाड ही नावं वाचता वाचता कानावरून जायची, आणि एखादं प्रकरण संपायच्या आत रोहा यायचं. मी आयुष्यात सगळ्यात सुखानं वाचलं ते त्या गाडीत.

मग मार्ग पुढं सरकला. लांबच्या गाड्या सुरू झाल्या आणि आमच्या स्टेशनावरून धडधडत जाऊ लागल्या. बाबा भूगोलाचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना याचा फार आनंद झाला. नकाशावर आयुष्यभर तुटक दाखवलेली रेषा सलग झाली, असं ते म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची छोटी पॅसेंजर बंद झाली. तिचे डबे दुसरीकडं हवे होते. स्टेशनातल्या फलकावर तिच्या वेळेवर पांढरा रंग मारलेला मला एका सकाळी दिसला. थांबणारी एकच पॅसेंजर उरली, तीही दुपारची. नोकरीला निघालेल्या माणसाला ती निरुपयोगी होती.

मी एसटीनं जाऊ लागले. महाडहून कोलाड, तिथून दुसरी गाडी पकडून रोहा. हायवेवर ट्रकांच्या रांगा, वळणं, डिझेलचा वास. मला लहानपणापासून गाडी लागते. माणगावच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी मी खिडकीबाहेर वाकलेली असायचे. वाचनाचा तर प्रश्नच नव्हता. शाळेत पोचायचे तेव्हा पहिला तास झालेला असायचा आणि घरी यायचे तेव्हा बाबांनी ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते न जेवता बसलेले असायचे. मी किती उलट्या झाल्या ते सांगायचे नाही आणि ते विचारायचे नाहीत, पण वाटीत कोकमाचं सार आधी वाढायचे. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्यांनी बराच काळ सांभाळून घेतलं. शेवटी एकदा मला बोलावून अगदी हळू आवाजात म्हणाले की येत्या जूनपर्यंत काहीतरी ठरवा, रोह्यात राहायला या, नाहीतर मलाही वर उत्तर द्यावं लागतं.

बाबांना मी हे त्याच रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीसाठी झटणाऱ्या प्रवासी समितीच्या कामाला त्यांनी दुप्पट वेळ द्यायला सुरुवात केली.

ही समिती म्हणजे बाजारपेठेतल्या एका कापड दुकानाच्या मागची खोली. दुकानाचे शेट समितीचे अध्यक्ष होते, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या आणि आवाजही त्यांचाच मोठा होता. बाबा चिटणीस, कारण अक्षर चांगलं. बाकीची माणसं चहापुरती यायची आणि जायची. मी कधी कधी बाबांना घ्यायला जायचे तर ते आणि शेट कोऱ्या कापडाच्या ताग्यांमध्ये बसलेले असायचे. त्या वासात, पिवळ्या बल्बच्या उजेडात, रेल्वे फार सोपी वाटायची. जणू तागा उलगडावा तसा रूळ उलगडायचा होता.

अडचण पुढं होती. वरून जे उत्तर आलं त्याचा सारांश असा होता की गाडी सकाळी वीरहून सुटायची तर रात्री वीरला मुक्कामाला हवी. मुक्कामाला हवी तर तिला उभं राहायला वेगळी लाइन हवी, डब्यांत भरायला पाणी हवं, गार्ड आणि ड्रायव्हरला झोपायला खोली हवी. हे सगळं कुणी बांधायचं हा एक प्रश्न. आणि बांधल्यावर गाडी तोट्यात गेली तर तो तोटा कुणी सोसायचा, हा त्याहून मोठा. स्थानिक पातळीवर कुणी जबाबदारी घेत असेल तर विचार करता येईल.

बाबांनी हे वाचून दाखवल्यावर शेट म्हणाले, "गाडी त्यांची, रूळ त्यांचे, तिकिटाचा गल्ला त्यांचा. तोटा तेवढा आपला. सर, असा धंदा मला लग्नाआधी कुणी शिकवला असता तर मी आज कुठं असतो."

मग दोघं ती जबाबदारी घेणाऱ्याच्या शोधात निघाले. नगरपालिकेनं सांगितलं, स्टेशन आमच्या हद्दीत नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतं तिथल्या सरपंचांनी दोघांना आदरानं बसवलं आणि वर बोट केलं. कचेरीच्या फुटक्या कौलांतून आकाश दिसत होतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मॅनेजरनं उत्तम चहा पाजला. आमच्या कामगारांना आमच्या बसेस आहेत, मालगाडीचं काही करत असाल तर बोलू, असं तो म्हणाला. जिल्ह्याच्या ठिकाणी गेले तर रेल्वे हा दिल्लीचा विषय निघाला, आणि दिल्लीहून कळलं की अशा गाड्यांसाठी राज्यानं वाटा उचलावा असं धोरण विचाराधीन आहे. पोलादपूरला तर पंचायत समितीच्या एका सदस्यानं सरळच विचारलं की गाडी आमच्या तालुक्यात येतच नाय, तिची शिट्टी पन आमच्याकडं ऐकू येत नाय, मग वर्गणी शिट्टीची घ्यायची का न ऐकल्याची. हे सांगताना बाबा स्वतःच हसत होते. त्यांना त्या माणसाचं म्हणणं पटलं होतं. कुणाचंही म्हणणं पटणं ही त्यांची अडचण होती.

पण घरी आल्यावर ते टेबलावर कागद पसरायचे आणि रंगीत पेन्सिली काढायचे. वीर स्टेशनाचा आराखडा त्यांनी किती वेळा काढला असेल. सावित्री निळ्या रंगात, रूळ काळ्या, आणि मुख्य लाइनीपासून फुटून शेताच्या कडेनं गेलेली एक तांबडी रेषा. तिथं गाडी मुक्कामाला राहायची. ते बोलायचे तेव्हा ती आधीच तिथं असल्यासारखं बोलायचे. डबे इथं झोपतील, म्हणायचे. इथं जांभळीचं झाड आहे ते राहू द्यायचं, म्हणजे इंजिनाला सकाळचं ऊन लागणार नाही. ड्रायव्हरच्या खोलीला शेताकडं खिडकी ठेवायची. मी समोर बसून ऐकायचे आणि पेंगायचे. पेंगता पेंगता मला ते झोपलेले डबे दिसायचे, त्यांच्या टपांवर पडलेली जांभळं आणि खिडक्यांच्या काचांवर साचलेलं दव.

कुणीतरी सुचवलं की पैशाचा प्रश्न सोडवायचा तर आधी माणसं दाखवा. स्टेशनात किती वर्दळ आहे याचा आकडा असेल तर तोट्याची भीती कमी होईल आणि जबाबदारी घ्यायला कुणीतरी पुढं येईल. हे सगळ्यांना पटलं. मोजायचं काम बाबांनी घेतलं.

तेव्हा शिमगा जवळ आला होता. दुपारच्या पॅसेंजरच्या वेळी बाबा वीरला जाऊन बसू लागले. त्यांची मोजायची रीत त्यांची स्वतःची होती. वर्गात सहलीची मुलं मोजायला ते हीच वापरायचे. कापडी पिशवीत चिंचोके असायचे. प्लॅटफॉर्मवर एक माणूस आला की एक चिंचोका पिशवीतून उचलून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. डोळे माणसांवरून हलवावे लागत नाहीत, असं ते म्हणायचे. घरी आल्यावर खिसा ताटात रिकामा करायचे आणि मी चिंचोके मोजायचे. ताटात त्यांचा आवाज व्हायचा तो मला आवडायचा. रोज आदल्या दिवसापेक्षा ढीग मोठा दिसायचा.

सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जायचे. कुडपणचे एक म्हातारे शेतकरी तिथं अनेकदा भेटायचे. त्यांचा मुलगा एके काळी बाबांच्या वर्गात होता आणि आता मुंबईला कंपनीत होता. कुडपण म्हणजे पोलादपूरच्याही वर, डोंगराच्या माथ्यावरचं गाव. तिथून खाली यायचं म्हणजे दिवस मोडायचा. म्हातारे बाबांच्या शेजारी येऊन टेकायचे, पिशवीत हात घालून चिंचोके चिवडायचे.

"गुरुजी, ह्ये काय, पट मांडायचाय काय हितं?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं. गाडीसाठी माणसं मोजतोय, असं बाबांनी सांगितल्यावर ते विचार करून म्हणाले, "मग मला दोनदा मोजा. मी लय लांबनं आलोय."

शिमग्याला आलेले चाकरमानी परत जायला निघाले तसा प्लॅटफॉर्म भरून जाऊ लागला. मग मे महिना आला. जीपगाड्या भरभरून माणसं यायची. बायका नवी लुगडी नेसलेल्या, पोरं कडेवर, तांदळाची गोणी, फणस, आंबोशी, कोकमाची पुडकी. गाडी आली की सगळी माणसं गोण्या उचलून डब्यात शिरायची. आत बसून बघायची. म्हाताऱ्या बाया बाकावर हात फिरवायच्या. डब्यात पाय ठेवायला जागा उरायची नाही. बाबांचा खिसा जड होऊन एका बाजूला लोंबायचा. शेटनी आकडा पाहिला तेव्हा त्यांनी बाबांना मिठी मारली आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत टाइप करून वर पाठवला. थोड्याच दिवसांत निरोप आला की एक अधिकारी पाहणीला येणार आहेत. जून तोंडावर आला होता. बाबा मला म्हणाले, तू रोह्यात खोली बघायची घाई करू नकोस.

पाहणीच्या दिवशी मीही बाबांबरोबर गेले. साहेब येणार ही बातमी डोंगरात कशी पोचली कोण जाणे, पण वीर स्टेशनावर जत्रा लोटली होती. पोलादपूरहून जीपगाड्या आल्या होत्या. कुडपणचे म्हातारे धोतर-कोट घालून आले होते. हातात नारळ होता. शेटनी नवा फेटा बांधला होता. गाडी यायला अवकाश होता आणि उन्हात सगळं हळूहळू चाललं होतं, पाण्याखाली चालावं तसं. साहेब तरुण होता, चष्मा लावलेला, सभ्य. त्यानं हार घेतला, नारळ घेतला, तो कुठं ठेवावा हे न कळून काखेत धरला. मग शेटनी गर्दीकडं हात केला आणि म्हणाले की कागदावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी बघा.

साहेबानं त्याच्याजवळचा कागद काढला. त्यावर वीरला विकल्या गेलेल्या तिकिटांचा आकडा होता. तो आमच्या आकड्यापेक्षा फारच लहान होता. लोक विनातिकीट जात असतील असं मी मानत नाही, तो म्हणाला, इथं तपासणी असते. पण मग ही माणसं जातात कुठं, एवढंच मला समजून घ्यायचंय. हे विचारताना त्याच्या आवाजात खोच नव्हती. त्याला खरंच कोडं पडलं होतं. समोर कुडपणचे म्हातारे उभे होते. त्यानं त्यांनाच विचारलं, आजोबा, तुम्ही कुठं निघालात.

"मी? मी कुठं जानार सायेब." म्हातारे हसले. "आमी पोचवायला येतो. पोरगा चालला तर त्याला यकटा धाडायचा काय? आज पोरगा बी नाय. आज तुमाला भेटायला आलो."

मागून एका बाईनंही तेच सांगितलं, आणि मग दुसरीनं. सगळे आनंदानं सांगत होते. आमच्याकडं असंच असतं सायेब, यक जातो आन् वाडी पोचवायला येते. गाडीत चढून जागा धरून देतो, सामान लावून देतो, शिट्टी व्हायच्या आत उतरतो. त्यांना वाटत होतं की आपण आपल्या चालीरीतीबद्दल चांगलंच काहीतरी सांगतोय. आणि ते चांगलंच होतं.

मी बाबांकडं पाहिलं. त्यांचा हात पिशवीत होता आणि तो तसाच राहिला होता. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. महाड-पोलादपुरात वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. मुंबईला निघालेल्या माणसाला कुणी एकटं निरोप देत नाही. आम्ही सगळेच तसे वाढलो, म्हणून ते आम्हाला दिसतच नव्हतं. प्लॅटफॉर्मवर आलेला प्रत्येक जण चिंचोक्याला सारखाच होता.

साहेब बाबांकडं वळला. तुम्हीच मोजणी केलीत ना, असं विचारून तो म्हणाला की यातले निम्मे प्रवासी धरू का. निम्मे धरले तरी मला वर काहीतरी मांडता येईल.

शेट बाबांकडं बघत होते. मीही बघत होते. गाडी दूरच्या वळणावर दिसू लागली होती, पण तिचा आवाज अजून आमच्यापर्यंत आला नव्हता. बाबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मी नंतर खूप वेळा आठवून बघितलं आहे. फक्त एवढंच कळतं की त्यांना जून आठवत होता.

"मी प्लॅटफॉर्मवर आलेले मोजले," ते म्हणाले. "गाडीनं गेलेले मोजले नाहीत. निम्मे नसतील. निम्म्याच्या जवळपासही नसतील."

साहेबानं मान हलवली आणि कागदावर काहीच न लिहिता तो घडी करून ठेवला. मग गाडी आली, आणि आवाजात पुढचं सगळं बुडून गेलं.

परत येताना मिनीडोरमध्ये शेट आमच्या समोर बसले होते. दासगाव आलं तसा त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "सर, तो माणूस स्वतःहून निम्मे म्हणत होता. तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं." बाबा म्हणाले, हो. शेट म्हणाले की घरात मुलगी उलट्या करत नोकरीला जाते, तिच्याकडं बघून तरी.   शेट बाजारपेठेत उतरले, आणि त्यानंतर ते बाबांशी बोलले नाहीत. बाबांनी आपला रस्ता बदलला नाही. ते दुकानावरून जायचे तेव्हा शेट कुठलातरी तागा उलगडायला घ्यायचे.

गाडी देणार नाही, असं मात्र कुणी कधीच कळवलं नाही. पाहणी झाली, अहवाल गेला, मुक्कामाच्या लाइनीचा खर्च, पाण्याची सोय, तोट्याची जबाबदारी, सगळं जिथल्या तिथं राहिलं. दर अधिवेशनाच्या वेळी आता होणार असं ऐकू यायचं. बाबांनी आराखडा गुंडाळून कपाटावर ठेवला.

मी रोह्यात खोली बघितली. शाळेच्या जवळ, पहिल्या मजल्यावर. रात्री जेवताना बाबांना सांगितलं. काय बोलायचं हे मी वाटेत ठरवत आले होते. दर शनिवारी येईन, रविवारी राहीन, शेजारच्या काकू दुपारचं बघतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"खिडकी आहे का खोलीला?"

"आहे. शाळेच्या बाजूला."

"दोन माणसं मावतील?"

मला वाटलं ते पाहुणे म्हणून यायचं म्हणतायत. मी म्हटलं, "आलात तर मावतील की."

"आलात तर नाही. मी येतोच आहे," ते म्हणाले. "पेन्शन काय, कुठंही मिळते."

मी म्हटलं, तुमचं सगळं आयुष्य इथं गेलंय. तुमचं वाचनालय, तुमची माणसं, तळ्याकाठचं फिरणं. ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "गावासाठी गाडी हवी असं मी सभेत म्हणायचो, ते खोटं नव्हतं. पण मला ती तुझ्यासाठी हवी होती. तू तिकडं असलीस तर मी इकडं बसून काय करू?"

इतकी वर्षं आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. आमच्या सगळ्या बेतांत गाडी हलायची, मी हलायचे, डबे हलायचे. बाबा तेवढे एका जागी असायचे. शाळा उघडायच्या आत आम्ही एका टेम्पोत पुस्तकं, भांडी आणि त्यांची आरामखुर्ची घालून हायवेनं निघालो. ते ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचत होते. त्या दिवशी मला गाडी लागली नाही.

रोह्यातली ती वर्षं कशी गेली हे मला नीट सांगता येत नाही. ती एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्यांना कुंडलिकेचा काठ आवडू लागला. भाजीवाल्या त्यांना आजोबा म्हणू लागल्या. संध्याकाळी माझ्या हातात इतका वेळ असायचा की सुरुवातीला त्याचं काय करावं हे कळायचं नाही. गाडी असती तर हे तास मी गाडीत घालवले असते, सुखानं वाचत. आता ते आमच्या दोघांचे झाले. एक जण वाचायचा, दुसरा ऐकायचा. मध्येच ते थांबवून एखाद्या गावाचे अक्षांश-रेखांश सांगायचे, आणि मी खोटं खोटं चिडायचे. बाहेर अंधार पडायचा, दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात राहायचं नाही, आणि पानावरची अक्षरं विरघळेपर्यंत वाचन चालू राहायचं. ते गेले ते असेच एका दुपारी, आरामखुर्चीत, डोळे मिटून. मी शाळेतून आले तेव्हा पुस्तक छातीवर होतं.

तेरावं झाल्यानंतर काही दिवसांनी, मी अजून रजेवर असताना, शेट आले. मी दार उघडलं तर ओळखलंच नाही, इतके वाळले होते. महाडहून एसटीनं आले होते, जिना चढून धाप लागली होती. मी पाणी दिलं. ते बराच वेळ खोलीकडं बघत बसले. पुस्तकांकडं, आरामखुर्चीकडं.

"किती वर्षं मी सरांशी बोललो नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबांनी कधी मनावर घेतलं नाही.

"घ्यायला पाहिजे होतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी काय खोटं बोलत होतो का, ताई? त्या दिवशी ते गप्प राहिले असते, तर कदाचित गाडी आली असती. तुम्ही दोघं आपल्या घरी असता. त्यांचे शेवटचे दिवस आपल्या गावात गेले असते. मला एवढंच वाटत राहिलं. गाडीचं जाऊ द्या."

 त्यांना खोटं ठरवावं असं मला वाटत नव्हतं, आणि ते म्हणत होते तसं मला कधी वाटलंही नव्हतं. मी चहा ठेवायला उठले. ते आरामखुर्चीकडं गेले, बसले नाहीत, पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि खिडकीतून बाहेर पाहू लागले.

"इथं बसायचे?"

"हो."

"शाळा दिसते इथून. फाटकासकट."

"मी फाटकातून बाहेर पडले की ते चहाचं आधण ठेवायचे," मी म्हटलं. "मी जिना चढेपर्यंत उकळलेला असायचा."

शेट खिडकीतून बघत राहिले. शाळा सुटायची वेळ झाली होती आणि फाटकातून मुली बाहेर पडत होत्या. मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानंच घेतला, आणि शेवटची मुलगी फाटकाबाहेर पडेपर्यंत चहा त्यांच्या हातातच निवला.